गिझर बदलताना : वसई-विरारच्या घरांसाठी गरम पाण्याचा हिशोब

थंड देशांत अख्खं घर तापवावं लागतं. आपल्या किनारपट्टीवर तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी. पूर्वी वाडीतल्या घरांत बंब असायचा; झावळ्या, करवंट्या त्यातच जायच्या. आता फ्लॅटमध्ये गिझर असतो आणि तो गळू लागला की आपण तसाच दुसरा उचलून आणतो. आणण्याआधी थोडा हिशोब करूया.

आधी गरज किती ते पाहू. घरात चार माणसं, प्रत्येकाला २० लिटरची बादली, म्हणजे ८० लिटर. पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण १.४ युनिट लागतात, महिन्याला ४२. विजेचा गिझर कुठल्याही कंपनीचा घ्या, हा आकडा बदलत नाही. फरक पडतो तो वाया जाणाऱ्या उष्णतेत. साठवणुकीचा गिझर दिवसभर चालू ठेवला की टाकीतून उष्णता झिरपत राहते. त्यावरचे स्टार याच झिरपण्याचे असतात. शिवाय महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांनंतर वाढतो. ही ४२ युनिटं तुमच्या बिलात कुठल्या टप्प्यात पडतात, ते पाहा.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्याकडे नळाचं, टँकरचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच बोअरना खारट पाणी लागतं. जड पाण्यात कॉइलवर क्षारांचा थर बसतो, मग ती जास्त तापते आणि जळते. टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. ती वर्षातून एकदा तपासून घ्या. संपली की टाकी गळायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट वायरिंग. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर ओढतो, एक बादली सात मिनिटांत भरतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, धड अर्थिंग हवं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. जुन्या इमारतीत गिझरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता गॅस गिझर. पाणी झटपट येतं, पण ज्योत हवेतला ऑक्सिजन खाते. बंद न्हाणीघरात ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला कळायच्या आत तो कोसळतो. आपल्याकडच्या न्हाणीघरांना बहुतेक वेळा डक्टमध्ये उघडणारी छोटी झडप असते, तेवढी पुरत नाही. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवा, आत फक्त नळ येऊ द्या. तशी जागाच नसेल तर गॅस गिझर घेऊच नका. इथे पैशांचा विचार नंतर. आणि पाइपचा गॅस असेल तर त्याच गॅससाठी बनवलेला गिझर लागतो, सिलिंडरचा चालत नाही.

सोलरचं काय? स्वतःचं बैठं घर असेल तर उत्तम. सोसायटीत गच्ची सगळ्यांची, म्हणून आधी सोसायटीची परवानगी. गच्चीपासून २० मीटर पाइप असेल तर त्यातलं साडेतीन लिटर थंड पाणी आधी सोडावं लागतं. जड पाण्यात तांब्याच्या नळ्या तुंबतात, तिथे काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा. पावसाळ्यात मात्र विजेची जोड लागतेच. हीट पंप हवेतली उष्णता उचलतो, त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम होतं. आपली उबदार हवा त्याला मानवते, पण किंमत मोठी. तेव्हा जास्त माणसांच्या घरालाच तो परवडतो.

थोडक्यात, भाड्याच्या किंवा लहान फ्लॅटमध्ये छोटा विजेचा गिझर आणि वापरापुरतं बटण. स्वतःचं छप्पर असेल तर सोलर. दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या बादल्या मोजा, गेल्या महिन्याचं बिल काढा आणि न्हाणीघराची झडप एकदा बघून या.