माथेरानची छोटी गाडी : सहलीआधी वर्गात काय सांगाल?



'मी केलेला रेल्वेप्रवास' हा निबंध आमच्या करकंबच्या वर्गात दिला, तर बऱ्याच मुलांनी गाईडमधलाच उतरवून आणला. एक जण मात्र कोरी वही घेऊन आला. "सर, गाडीत बसलोच नाय, तर लिहू काय?" त्याचं खरंच होतं. म्हणून यंदा सहल माथेरानला न्यायचं ठरवलंय. त्याची ही पूर्वतयारी.

सुरुवात घरातूनच करा. पंढरपूर-कुर्डुवाडी मार्गावर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावायची. आजी-आजोबांना तिच्याबद्दल विचारायला सांगा. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर होतं. नेरळ-माथेरान गाडीचं त्याहून कमी, ६१० मिलिमीटर. आणि आजच्या मोठ्या गाडीचं १६७६. ही तिन्ही अंतरं खडूने फरशीवर आखा. फरक मुलांना लगेच कळतो.

रूळ इतके जवळ का? वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. रूळ जवळ असले की हा फरक कमी होतो आणि गाडी अगदी अरुंद वळणही घेऊ शकते. डोंगरात तेच हवं असतं. १९०७ साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा आहे. सर्वांत तीव्र चढ १:२०, म्हणजे २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर! प्रमाणाचं उदाहरण म्हणून हे फळ्यावर सोडवून घ्या.

आता करमणूक. दोन तासांहून जास्त प्रवास, पण मोबाईल देऊ नका. मोठ्या वळणावर खिडकीतूनच आपल्या गाडीचे दुसरे डबे दिसतात. वळणं मोजायची, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानकं आली की वेळ वहीत टिपायची, मधे भेंड्या लावायच्या. हात मात्र खिडकीच्या आतच!

एक लक्षात ठेवा. गाडीत जागा मोजक्याच असतात आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. सगळ्यांना जागा मिळाली नाही, तर अमन लॉज-माथेरान शटलने न्या. प्रवास छोटा, पण निबंध स्वतःचा होईल.

परत आल्यावर त्या कोऱ्या वहीवाल्याला पहिल्यांदा वाचायला उभं करणार आहे.