सैनिकी सेवेतील लैंगिक आघात

सैनिकी सेवेत असताना एखाद्या व्यक्तीवर झालेला लैंगिक अत्याचार किंवा वारंवार होणारा लैंगिक छळ, तसेच त्यातून उद्भवणारी मानसिक व शारीरिक हानी, यांना मिळून ही संज्ञा लावतात. ती प्रथम अमेरिकेत रूढ झाली. तेथील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेसंबंधीच्या १९९२ च्या कायद्याने अशा आघाताच्या उपचारांची सोय केली. ही सोय आरंभी केवळ स्त्रियांसाठी होती. पुढे ती पुरुषांनाही लागू झाली. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत प्रत्येकास याविषयी प्रश्न विचारण्याचा प्रघात पडल्यावर सुमारे तीन स्त्रियांमागे एक आणि पन्नास पुरुषांमागे एक होकारार्थी उत्तर देतो, असे आढळून आले. सैन्यात पुरुषांची संख्या फार मोठी असल्याने हा केवळ स्त्रियांचा प्रश्न नाही. तथापि तक्रारीची वासलात कशी लागते हे स्त्रियांच्या बाबतीत अधिक स्पष्टपणे दिसते, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यावर भर दिला आहे.

नागरी जीवनातील अत्याचाराहून हा आघात वेगळा मानण्याचे कारण सैन्याच्या रचनेत आहे. सैनिक जेथे काम करतो तेथेच तो राहतो, जेवतो आणि झोपतो. नोकरी सोडून निघून जाण्याची त्याला मुभा नसते. परवानगीवाचून निघून जाणे हाच गुन्हा ठरतो. ज्या सहकाऱ्यांवर प्रसंगी जीव सोपवायचा त्यांच्यापैकीच एकाने केलेला अत्याचार हा विश्वासघातही असतो. निद्रानाश, दुःस्वप्ने, घटनेची अनिवार पुनःस्मृती, दचकणे, विषण्णता आणि माणसांपासून दूर राहण्याची वृत्ती ही लक्षणे युद्धात होरपळलेल्या सैनिकांच्या लक्षणांशी जुळतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकृती हे निदान मान्य केले, तेव्हा युद्ध आणि बलात्कार या दोहोंचा त्याच्या कारणांत समावेश केला होता.

भारतात सैनिकी परिचर्या सेवेच्या रूपाने स्त्रिया १८८८ पासून सैन्याशी निगडित आहेत. वैद्यकीय शाखांखेरीज इतर शाखांत अधिकारी म्हणून त्यांचा प्रवेश १९९२ मध्ये सुरू झाला. पण तो ठरावीक मुदतीपुरता होता. २००८ मध्ये विधी व शिक्षण या दोन शाखांत त्यांना कायम कमिशन खुले झाले. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया खटल्यात निर्णय दिला, तोवर भूसेनेच्या बहुतेक शाखांतील स्त्री-अधिकाऱ्यांस कायम कमिशन मिळत नव्हते. मुदतवाढ मिळणे न मिळणे हे बऱ्याच अंशी वार्षिक गोपनीय अहवालावर अवलंबून असे, आणि हा अहवाल निकटचा वरिष्ठ लिहीत असे. तक्रार ज्याच्याविरुद्ध करावयाची तोच अहवाल लिहिणारा असेल, किंवा त्याचा मित्र अथवा वरिष्ठ असेल, तर तक्रारीची किंमत स्त्री-अधिकाऱ्यास आधीच ठाऊक असे. २५ मार्च २०२१ च्या नितिशा खटल्याच्या निकालात न्यायालयाने स्त्रियांचे गोपनीय अहवाल बेपर्वाईने लिहिले गेल्याचे नमूद केले आहे. तो निकाल छळासंबंधी नव्हता. परंतु अहवाल आणि अधिकार यांचे नाते त्यावरून कळते.

तक्रार कोणत्या न्यायालयात जावी, हे पीडित स्त्री कोण आहे यावर ठरते, ही या विषयातील सर्वांत चमत्कारिक बाब होय. अहिल्यानगर जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास ती स्पष्ट होईल. (या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलण्यात आले.) १८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतल्यानंतर शहराला लागून भिंगार येथे छावणी वसली. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय, यांत्रिक पायदळाचे रेजिमेंट-केंद्र, लष्करी रुग्णालय आणि संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना यांमुळे हे शहर देशातील एक महत्त्वाचे सैनिकी ठाणे बनले आहे. येथील दोन प्रमुख केंद्रे ज्या दलांची, ती रणगाड्यांची व यांत्रिक पायदळाची दले. २०२३ मध्ये तोफखाना स्त्रियांना खुला झाला, तेव्हाही ही दोन्ही त्यांना बंदच राहिली. तथापि छावणीत स्त्रिया असतातच. डॉक्टर, परिचारिका आणि पुरवठा, संदेशवहन, यांत्रिकी व अन्य सेवाशाखांतील अधिकारी या लष्करी कायद्याच्या कक्षेत येतात. आस्थापनांतील लिपिक, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी यांसारख्या नागरी नोकर स्त्रिया व सैनिकांची कुटुंबे येत नाहीत.

भूसेना अधिनियम, १९५० याच्या कलम ६९ अन्वये सैनिकाने केलेला कोणताही नागरी गुन्हा लष्करी न्यायालयात, म्हणजे कोर्टमार्शलपुढे, चालविता येतो. कलम ७० ने त्याला अपवाद केला आहे. पीडित व्यक्ती लष्करी, नौदल वा हवाई दल कायद्याखाली नसेल, तर खून, सदोष मनुष्यवध व बलात्कार हे गुन्हे लष्करी न्यायालयात चालविता येत नाहीत. ते फौजदारी न्यायालयाकडेच जातात. सक्रिय सेवेत असताना, भारताबाहेर अथवा अधिसूचित सीमाठाण्यावर घडलेल्या गुन्ह्यांना हा अपवाद लागू नाही. म्हणजे भिंगारच्या छावणीत एखाद्या लिपिक स्त्रीवर अत्याचार झाल्यास तपास भिंगार कॅम्प पोलीस ठाण्याकडे व खटला नगरच्या सत्र न्यायालयाकडे जाईल. तीच घटना लष्करी डॉक्टर स्त्रीच्या बाबतीत घडल्यास दोन्ही न्यायालयांस अधिकार पोहोचतो, आणि त्यांपैकी कोणते निवडावयाचे हे कलम १२५ अन्वये प्रथमतः लष्करी अधिकारी ठरवितो. फौजदारी न्यायालयास हरकत असल्यास कलम १२६ प्रमाणे प्रश्न अखेर केंद्र सरकारकडे जातो. या निवडीत पीडितेच्या इच्छेला कायद्याने स्थान दिलेले नाही. एकाच आवारातील दोन स्त्रियांपैकी गणवेशातील स्त्रीला न्यायालयाच्या बाबतीत कमी निश्चिती असावी, हे तर्काला धरून नाही.

गणवेशातील स्त्रीने तक्रार केल्यावर तिला तीच हकीकत अनेकदा सांगावी लागते. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ याने सशस्त्र दलांना वगळलेले नाही. त्या अधिनियमानुसार प्रथम अंतर्गत समितीपुढे जबानी होते. वरिष्ठ पदावरील स्त्री या समितीची अध्यक्ष असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात व एक सदस्य बाहेरचा असावा, अशी योजना आहे. भूसेना नियम, १९५४ प्रमाणे होणारे चौकशी न्यायालय ही याहून निराळी गोष्ट होय. त्याच्या नियम १८० अन्वये ज्याच्या चारित्र्यास वा सैनिकी लौकिकास बाध येण्याचा संभव असेल, त्यास सर्व कामकाजात हजर राहण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. परंतु या चौकशीतील जबान्या पुढे खटल्यात पुरावा म्हणून चालत नाहीत. म्हणून नियम २२ खाली आरोपाची सुनावणी, नंतर नियम २३ खाली पुराव्याचा सारांश, आणि शेवटी प्रत्यक्ष लष्करी न्यायालय, असे टप्पे उरतातच. पोलिसांकडे तक्रार झाली असल्यास तेथील जबाब वेगळा. आरोपीचे हक्क जपणाऱ्या या तरतुदी आपापल्या जागी योग्यच आहेत. पण त्या एकापुढे एक रचल्याने पीडितेला आरोपीसमोर बसून तीच घटना चारपाच वेळा उच्चारावी लागते, आणि दोन जबान्यांतील क्षुल्लक तफावत बचावपक्षाच्या हाती शस्त्र होते. आघाताने पछाडलेल्या मनाची स्मृती तुटक असते, तिचा क्रम ढळतो, ही वैद्यकशास्त्राला परिचित असलेली गोष्ट साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र खोटेपणाचे चिन्ह मानली जाते.

आरोपाची शब्दयोजनाही पाहण्याजोगी आहे. कलम ४५ (अधिकारीपदास न शोभणारे वर्तन) आणि कलम ६३ (सुव्यवस्था व सैनिकी शिस्त यांस बाधक कृत्य) यांचा लैंगिक छळाच्या प्रकरणांत आश्रय घेतला जातो. या दोन्ही कलमांत अपराध घडतो तो अधिकारीपदाच्या प्रतिष्ठेचा अथवा शिस्तीचा. स्त्री ही केवळ निमित्त राहते. सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशी परस्परसंमतीने ठेवलेल्या संबंधांनाही हेच कलम ४५ लावतात. याचा एक विपरीत परिणाम संभवतो. आरोपीने संमतीचा बचाव पुढे केला व तो ग्राह्य धरला गेला, तर तक्रार करणारी स्त्री-अधिकारीच अशोभनीय वर्तनाच्या आरोपास पात्र होऊ शकते.

संमतीच्या प्रश्नावर महाराष्ट्रातील एका खटल्याने भारतीय कायद्याला वळण दिले. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या आरोपावरून दोन पोलिसांवर खटला झाला. तो मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, यावर त्या निकालाचा भर होता. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धगमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून निमूट वश होणे आणि संमती देणे यांतील भेद दाखविला. १९८३ च्या दुरुस्तीने ताब्यातील स्त्रीच्या बाबतीत संमती नव्हती असे गृहीत धरण्याचा नियम आला. २०१३ च्या दुरुस्तीने तो तैनातीच्या प्रदेशातील सशस्त्र दलांच्या सदस्यांस आणि स्त्रीवर वर्चस्व असणाऱ्या कोणाही व्यक्तीस लागू केला. लष्करी न्यायालयातही पुराव्याचा सर्वसाधारण कायदाच चालतो. त्यामुळे वरिष्ठाच्या हुकमतीखालील स्त्रीला या गृहीतकाचा आधार तेथेही मिळू शकतो.

उघडकीस आलेल्या प्रकरणांतून संमिश्र चित्र दिसते. ईशान्य भारतात नेमणुकीवर असलेल्या एका मेजर जनरलविरुद्ध कॅप्टन हुद्द्याच्या स्त्री-अधिकाऱ्याने २०१६ मधील घटनेबद्दल तक्रार केली. लष्करी न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या बडतर्फीची शिफारस केली व २०१९ मध्ये भूसेनाप्रमुखांनी तीस मान्यता दिली. हुद्द्यातील एवढे अंतर पार करून तक्रार तडीस जाते, हे यावरून सिद्ध झाले. पुण्यातील एका लष्करी रुग्णालयातील मूकबधिर नागरी नोकर स्त्रीने २०१८ मध्ये चार सैनिकांवर अत्याचाराचा आरोप केला, तेव्हा ती लष्करी कायद्याखाली नसल्याने गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. तिचे म्हणणे समजून घेण्यास सांकेतिक भाषेच्या जाणकाराचे साहाय्य घ्यावे लागले. कोईमतूर येथील हवाई दलाच्या प्रशासकीय महाविद्यालयातील एका स्त्री-अधिकाऱ्याने सप्टेंबर २०२१ मध्ये पोलिसांकडे धाव घेतली. संस्थेत तक्रार मागे घेण्यासाठी दडपण आले व दोन बोटांची निषिद्ध तपासणी करण्यात आली, असे तिचे म्हणणे होते. अशी तपासणी झाल्याचा हवाई दलप्रमुखांनी इन्कार केला. ती स्त्री स्वतः हवाई दल कायद्याखाली असल्याने स्थानिक न्यायालयाने आरोपीस हवाई दलाच्या स्वाधीन केले. पोलिसांकडे जाऊनही प्रकरण पुन्हा त्याच दलाकडे आले. दोन बोटांच्या तपासणीस सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आक्षेपार्ह ठरविले होते. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले.

निर्णयाचा अधिकार आज्ञाश्रेणीबाहेर न्यावा की नाही, हाच इतर देशांतील वादाचा गाभा आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये नौदल वैमानिकांच्या लास व्हेगास येथील टेलहुक संमेलनात ८३ स्त्रिया व ७ पुरुष यांच्यावर अतिप्रसंग झाल्याचे शासकीय चौकशीत आढळले, पण लष्करी न्यायालयात एकासही शिक्षा झाली नाही. पुढे तीस वर्षांनी तेथील संसदेने अशा गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय पलटणप्रमुखांकडून काढून स्वतंत्र अभियोक्त्यांकडे सोपविला. ही व्यवस्था डिसेंबर २०२३ अखेर अंमलात आली. कॅनडात मारी देशां (२०१५) आणि लुईज आर्बर (२०२२) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन माजी न्यायाधीशांनी अहवाल सादर केले. लैंगिक गुन्हे नागरी न्यायालयांकडेच द्यावेत, अशी आर्बर यांची शिफारस होती. भारतात न्या. वर्मा समितीने २०१३ मध्ये गणवेशधारी व्यक्तींनी केलेला लैंगिक अत्याचार सामान्य फौजदारी कायद्याच्या कक्षेत आणण्याची शिफारस केली. कलम ७० व १२५ मात्र त्यानंतरही कायम राहिली.

मुदतीच्या तरतुदींचा विचार आघाताच्या स्वरूपाशी मेळ घालून झालेला दिसत नाही. २०१३ च्या अधिनियमाखाली तक्रार तीन महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. कलम १२२ प्रमाणे तीन वर्षांनंतर लष्करी न्यायालयात खटला सुरू करता येत नाही, आणि पीडितेला गुन्हा अर्थातच ज्ञात असल्याने ही मुदत बहुधा घटनेपासूनच धावू लागते. फौजदारी न्यायालयात बलात्काराच्या गुन्ह्यास अशी मर्यादा नाही. बदली होऊन आरोपीच्या हाताखालून सुटका होईपर्यंत वा सेवा संपेपर्यंत वाट पाहणाऱ्या स्त्रीला लष्करी न्यायालयाचे दार बंद झालेले आढळते. उपचारांचीही अशीच अडचण आहे. भारतीय सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीत मानसिक स्थिती हा पाच घटकांपैकी पहिला घटक असून त्यात श्रेणी घसरल्यास नेमणूक, अभ्यासक्रम व बढती यांवर परिणाम होतो. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे आपल्या सेवापुस्तकात आपणच उणीव नोंदविणे, अशी समजूत रूढ आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. आपली तक्रार नोंदली न जाताही उपचार मिळावेत, यासाठी अमेरिकी सैन्याने २००५ मध्ये मर्यादित तक्रारीची पद्धत सुरू केली. तीत पीडितेस वैद्यकीय मदत मिळते, पुरावा जतन होतो, पण चौकशी तिने सांगितल्यावाचून सुरू होत नाही.