आधी आई दाखवा, मग पिल्लू

आज सुरुवात माझ्या एका पराभवापासून करतो.

निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला स्थायिक झालो. नातीला लॅब्रॅडॉर हवा होता. मोबाइलवर जाहिरात पाहिली, फोन केला. समोरचा म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता? बायपासच्या पेट्रोल पंपावर आणून देतो." पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लू आणि सोबत लसीकरणाचं कार्ड. रोख पैसे मोजून घरी आलो. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. सलाईन लावूनही सहाव्या दिवशी ते गेलं.

डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं, पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, म्हणजे बहुधा ते आजार घेऊनच आलं होतं. कार्डावरच्या शिक्क्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांकच नव्हता. विकणाऱ्याचा फोन बंद. रेकी केल्याशिवाय पाऊल टाकू नका, हे मी जवानांना आयुष्यभर सांगत आलो. स्वतः मात्र पेट्रोल पंपावर फसलो.

पुढे वर्षभर चौकशी केली. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, जागा बघा. पिल्लं जिथं जन्मली तिथं जा आणि आई पाहा. ती अंगानं कशी आहे, माणसाला भिते का, अंगावर येते का, हे बघा. पिल्लाचा स्वभाव बराचसा तिथंच कळतो. "आई गावाला आहे" असं उत्तर मिळालं, तर नमस्कार करून परत फिरा.

दुसरी, नियम. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांहून लहान किंवा ८ वर्षांहून मोठी नको. वर्षातून एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांचा आग्रह उगाच नाही. आपला चावा समोरच्याला किती लागतो, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे घरात जोरात चावतं आणि दोष त्यालाच मिळतो.

तिसरी, कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत नाही. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. म्हणून आईवडिलांच्या खुब्याचे, पूर्ण वाढ झाल्यावर काढलेले एक्स-रे मागा. चांगला ब्रीडर रागावत नाही, स्वतःच फाइल पुढे करतो. लसीच्या कार्डावरच्या डॉक्टरांना फोन करून खात्री करा.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तो तुम्हाला काय विचारतो? दुसऱ्या वेळी मी ज्या बाईंकडे गेलो, त्यांनी माझीच मुलाखत घेतली. घरात दिवसभर कोण असतं? प्रवासाला गेलात तर कुत्रं कुणाकडे? उन्हाळ्यात फिरवणार कधी? निवड मंडळासमोर मी इतका घामाघूम झालो नव्हतो. शेवटी त्या म्हणाल्या, "कधीही सांभाळणं जमलं नाही, तर दुसऱ्या कुणाला देऊ नका, मला परत द्या." हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. पिल्लासाठी सात महिने थांबावं लागलं.

एक सावधगिरी. खोक्यातलं केविलवाणं पिल्लू पाहून दया येते, वाटतं याला तरी वाचवू. मलाही वाटलं होतं. पण आपण दिलेल्या पैशांतूनच तो माणूस त्या मादीचं पुढचं वेत काढतो. अशा जागेचं नाव प्राणी कल्याण मंडळाला कळवा. ती दया जास्त कामाची.

आणि जातिवंतच हवं असा हट्ट नसेल, तर गल्लीतलं देशी पिल्लूही तितकाच जीव लावतं.

आज आमचा शेरा चार वर्षांचा आहे. नात त्याच्या पाठीवर डोकं टेकून अभ्यास करते. पण ते पहिलं पिल्लू तिच्या अजून लक्षात आहे. त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.