‘एएनए पॉझिटिव्ह’ म्हणजे ल्युपस झालाच का?

मुलीचा रक्ताचा रिपोर्ट येतो, ‘एएनए पॉझिटिव्ह’ या शब्दांवर नजर थांबते आणि घरात रडारड सुरू होते. मोबाईलवर शोधले की ‘ल्युपस’ हे नाव समोर येते. पालकांनो, इथे थोडा धीर धरा.

शरीरातील रोगप्रतिकारक शक्तीचे काम जंतूंशी लढण्याचे. ल्युपसमध्ये ती आपल्याच शरीरावर उलटते. सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड अशा कुठल्याही भागाला त्रास होतो. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. शंभर रुग्णांपैकी साधारण १० ते २० जणांना तो वयाच्या अठराव्या वर्षाआधीच होतो, मुलींना जास्त. लहान वयात मूत्रपिंडाला धोकाही मोठ्यांपेक्षा अधिक असतो.

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी. ल्युपसच्या जवळजवळ सर्वच रुग्णांत त्या सापडतात. म्हणून ही तपासणी निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फार कमी होते. पण उलट खरे नाही. अनेक निरोगी मुलांतही, विशेषतः कमी प्रमाणात, एएनए पॉझिटिव्ह येतो. काही वेळा एखाद्या संसर्गानंतरही येतो. रिपोर्टवरील १:८० चा अर्थ, रक्तातील द्रव ८० पट पातळ करूनही अँटिबॉडी दिसल्या. आकडा जितका मोठा, तितके त्याचे वजन जास्त. तरीही एकट्या आकड्यावरून निदान होत नाही.

म्हणून डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. ‘अँटी-डीएसडीएनए’ आणि ‘अँटी-एसएम’ या अँटिबॉडी ल्युपसकडे जास्त नेमके बोट दाखवतात. मात्र त्या प्रत्येक रुग्णात असतातच असे नाही. सी-३ आणि सी-४ ही रक्तातील प्रथिने आजार जोरात असताना बऱ्याचदा घटतात. ‘अँटी-फॉस्फोलिपिड’ तपासणीतून रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कळतो. लघवीची साधी तपासणीही विसरू नये. मूत्रपिंडाचा त्रास आधी तिथेच दिसतो.

२०१९ साली युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी एकत्र निकष ठरवले. त्यात १:८० किंवा अधिक एएनए ही केवळ पहिली पायरी आहे. त्यानंतर लक्षणे आणि इतर तपासण्यांना गुण दिले जातात आणि किमान एक लक्षण असावेच लागते. म्हणजे कागदापेक्षा मूल महत्त्वाचे.

लक्षणे कोणती? न उतरणारा ताप, गाल-नाकावर पसरलेले लाल चट्टे, उन्हात वाढणारे पुरळ, सांध्यांची सूज, तोंडातले व्रण, केस गळणे, पायांना सूज, फेसाळ लघवी, सततचा थकवा. शाळेत अशी मुलगी मागे पडली की ‘आळशी’ ठरते आणि घरी ‘नजर लागली’ म्हणून आठवडे निघून जातात. त्या आठवड्यांत मूत्रपिंड बिघडू शकते.

दुसरी अडचण लपवाछपवीची. ‘उद्या लग्न कसे होणार?’ या भीतीने काही घरे उपचारच अर्धवट सोडतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसारखी औषधे नियमित घेऊन, डोळ्यांची ठरलेली तपासणी करून, उन्हापासून जपून अनेक मुली शिकतात, संसार करतात, आईही होतात. गोळ्या आपल्या मनाने बंद करणे मात्र धोक्याचे.

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये ठेवा. एएनए पुनःपुन्हा करण्याची सहसा गरज नसते. डीएसडीएनए, सी-३, सी-४ आणि लघवी मात्र वेळोवेळी पाहतात. रिपोर्टचा अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना न विचारता बालरोगतज्ज्ञांना किंवा संधिवाततज्ज्ञांना विचारा, आणि मुलीला काय त्रास होतो हे तिलाच बोलू द्या.