मोहाचा सडवा आणि फ्रेंच वाइन

मार्च सरत आला की गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाच्या आसपासच्या जंगलपट्ट्यात पहाटेच मोहफुलं वेचली जातात. फुलं रात्री गळतात आणि ऊन चढलं की कोमेजतात. म्हणून अस्वलाची भीती असूनही लोक अंधारातच टोपली घेऊन निघतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. याच फुलांनी दुष्काळात अनेक पिढ्यांची पोटं भरली. साखर असल्यामुळेच ती पाण्यात भिजत ठेवली की काही दिवसांत फसफसतात. सडवा तयार होतो आणि तो भट्टीवर चढतो.

हे फसफसणं म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर फ्रान्समधल्या आर्बुआ या गावाशी जोडलेलं आहे. लुई पाश्चरचं बालपण तिथे गेलं. तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून 1863 मध्ये त्याने वाइन बिघडते का याचा शोध सुरू केला आणि 1866 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वाइन थोडी तापवली की बिघडवणारे जंतू मरतात, हे त्याने दाखवलं. दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तिथूनच आला. पुढे आर्बुआजवळ त्याने स्वतःचा द्राक्षमळा घेतला. 1878 मध्ये तिथल्या काही वेलींवर काचघरं उभारली आणि घड कापसात गुंडाळले. त्या द्राक्षांचा रस आंबलाच नाही, कारण यीस्ट बाहेरून येऊन सालीवर बसतं आणि इथे त्याला वाटच मिळाली नव्हती. साखर खाऊन अल्कोहोल तयार करण्याचं काम बोदलकशातही यीस्टच करतं.

फरक पडतो तो नंतर. रेड वाइन सालींसकट आंबवतात, त्यामुळे रंग, तुरटपणा आणि रेस्व्हेरॅट्रॉलसारखी द्रव्यं तिच्यात उतरतात. मोहाची दारू ऊर्ध्वपातनाने काढतात. वाफेबरोबर अल्कोहोल, पाणी आणि काही वास येतात, फुलातलं पोषण भट्टीच्या भांड्यातच राहतं. ‘मोहाची आहे, म्हणजे औषधी’ असं म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं. शिवाय सडवा लवकर यावा म्हणून नवसागर टाकणारेही असतात.

मग वाइन तरी औषधी आहे का? फ्रेंच माणूस लोणी-चीज भरपूर खातो, तरी त्याला हृदयविकार कमी, याचं श्रेय 1991 मध्ये एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाने रेड वाइनला दिलं आणि तिथे तिचा खप उसळला. पण रेस्व्हेरॅट्रॉल एक लिटर वाइनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, तर प्रयोगांत ते शेकडो मिलिग्रॅमने दिलं गेलं. दुसरा घोळ आकडेवारीचा होता. अनेक पाहण्यांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले, त्यामुळे थोडी पिणारे उगाच निरोगी दिसले.

अल्कोहोलचं शरीरात अॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. 1988 पासून मद्य कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. कितीही कमी प्यायलं तरी ते पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं.

सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या 2022 मधल्या निर्णयावेळी ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य महाराष्ट्रात बरंच गाजलं. जरा हिशोब करून पाहू. 13 टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनच्या 750 मिलिलिटर बाटलीत सुमारे 77 ग्रॅम अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या विदेशी मद्याच्या 180 मिलिलिटर क्वार्टरमध्ये साधारण 61 ग्रॅम. यकृत लेबल वाचत नाही.

मोहफूल गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्याने 2021 मध्ये सैल केले, त्यामुळे फुलाला भट्टीखेरीज दुसरी वाट मिळण्याची शक्यता वाढली आहे. वाळलेली फुलं नीट निवडून, भाजून, तिळाबरोबर कुटली की चांगले लाडू होतात. साखर बाहेरून घालावी लागत नाही. मधुमेह असेल तर मात्र हे लाडूही मोजूनच खावेत.