आधी नाटकाचा पडदा, मग सिनेमा

ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात १४ फेब्रुवारी १८९५ रोजी रंगमंचावर आलं. अँथनी अ‍ॅस्क्विथचा रंगीत चित्रपट १९५२चा. मूळ नाटक आहे हे तो लपवत नाही. प्रेक्षक बॉक्समध्ये येऊन बसतात, पडदा वर जातो आणि मगच गोष्ट सुरू होते. दिवाणखाना आणि बाग यांपलीकडे कॅमेरा फारसा हिंडत नाही. संवाद इतके नेमके असताना त्याने हिंडावं तरी कशाला?

जॅक झालाय मायकेल रेडग्रेव्ह. पण भाव खाऊन जाते ती लेडी ब्रॅकनेल झालेली एडिथ इव्हान्स. आपल्या मुलीला मागणी घालणारा हा जॅक तान्हेपणी स्टेशनवर हँडबॅगेत सापडला होता, हे कळताच त्या एका शब्दाला ती असा काही हेल देते की ही भूमिका करणाऱ्या पुढच्या प्रत्येकीला त्याचं ओझं वाहावं लागलं. २००२ मध्ये ऑलिव्हर पार्करने आपल्या चित्रपटात हीच गोष्ट घराबाहेर काढली. ज्युडी डेंच असूनही वीण सैलावली.

आणि एक योगायोग. वाइल्डला १८९५ मध्ये अटक झाली, तेव्हा ब्रिटनचे गृहमंत्री होते एच. एच. अ‍ॅस्क्विथ, म्हणजे १९५२च्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचे वडील.