बेंचवरचा हीरो

दिवाळीला चोपड्याला घरी गेले होते. पुण्यात आठच्या आधी डोळा न उघडणारी मी, तिथे साडेपाचला उठून मामाच्या मुलाला शोधत ग्राऊंडवर! बारा वर्षांचा, गल्लीतला सगळ्यात फास्ट पोरगा. पण हा कडेला बसलेला. समोर पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारतायत आणि हा उगाच माती उकरतोय.

‘‘काय रे?’’

‘‘ताई, मला टीममध्ये घेतलंच नाही. सर म्हणे उंची कमी पडते.’’

बाराव्या वर्षी! अजून आवाजसुद्धा फुटलेला नाही त्याचा.

आयटीतल्या मंडळींना बेंचचं टेन्शन वेगळं सांगायला नको. प्रोजेक्ट नाही म्हणजे संपलं सगळं. पण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने या बेंचचाच भन्नाट फंडा केला. (ते फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट बॉल हातात घेऊन धडका देतात ते.) त्याचं नाव रेडशर्ट. पाच वर्षांत चार सीझन खेळायचे, असा तिथला जुना हिशोब. म्हणजे एक वर्ष मॅच न खेळता नुसती प्रॅक्टिस, जिम, भरपूर खाणं. आणि खेळायची चार वर्षं शाबूत. अठरा वर्षांच्या पोराचं अंग भरायला वेळ लागतो, हे कोचने मान्य केलेलं.

जे. जे. वॉट हे नाव ऐकलंय? पहिलं कॉलेज सोडलं, पिझ्झा पोचवले, मग स्कॉलरशिपशिवाय विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या टीमच्या दारात उभा राहिला. 2008चा अख्खा सीझन बाहेर बसला. आधी बॉल झेलणारा हा गडी तिथे डिफेन्समध्ये गेला आणि 2011 मध्ये पहिल्याच फेरीत प्रोफेशनल टीमने उचलला! पुढे तीनदा एनएफएलचा सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू.

आणि आपल्याकडे? आहे की. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. शिक्षक वडिलांनी 2009 मध्ये त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे आधी वर्षभर नुसती शारीरिक तयारी, खेळ निवडायचा तो त्यानंतर. त्याने रायफल घेतली. पुढे रेल्वेत टीसीची नोकरी, दीपाली देशपांडेंचं कोचिंग, आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ. मधे गेली पंधरा वर्षं! खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये ब्राँझ आणलं, त्यानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा हा पहिला मराठी माणूस. प्रबोधिनीच्या चाचण्यांतही उंची मोजतात हं, पण सोबत धावणं, उड्या असं बरंच काही बघतात. एका टेपवर निकाल लागत नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतच आता धीर सुटत चाललाय. 2018 मध्ये तिथे ट्रान्स्फर पोर्टल आलं, 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता यायला लागले. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदललं तरी बाहेर बसायची अटही गेली. मग पोरगा घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्याने घडवलेला आणणं कोचला सोपं! आपल्या एचआरवाल्यांना हे लगेच कळेल. फ्रेशरला शिकवायचं कुणी? तीन वर्षांचा एक्स्पिरियन्सवालाच हवा.

हे सगळं मी भावाला सांगितलं. पिझ्झाचा भाग त्याला फारच आवडला. मग थोडा वेळ गप्प. चपलेतली माती झटकत म्हणाला, ‘‘ताई, रायफलला उंची लागते का गं?’’